बोलून मोकळा

चंदा "थँक्यू, पप्पा" म्हणाली आणि खुशालच्या हातातली बशी कलंडली. चहा पायजम्यावर सांडला, मांडी पोळली, तरी तो तसाच बसून राहिला. झालं होतं काय, तर काही नाही. पोरीच्या बुटाची नाडी सुटली होती, रिक्षावाला दारात घंटी वाजवून जीव खात होता, आणि यानं वाकून गाठ मारून दिली होती. बापानं मुलीच्या बुटाची गाठ मारली, यात बोलण्यासारखं काय आहे? पण ती बोलली. शाळेतल्या मिसनी शिकवलं असेल तसं मान जराशी तिरपी करून बोलली, आणि दाराकडे वळलीसुद्धा. पाठ फिरवायची ती तऱ्हा खुशालला कुठंतरी लागली. "चंदे, थांब," तो म्हणाला, आणि आवाज त्याला वाटला होता त्यापेक्षा मोठा निघाला. "घरात असलं म्हणत जाऊ नको." पोरगी भांबावली. मागच्याच महिन्यात शेजारच्या काकूंनी हातावर लाडू ठेवला तेव्हा ही गप्प राहिली, म्हणून यानंच तिला चारचौघांत रागावलं होतं. तिचे ओठ थरथरले, डोळे भरले, आणि ती तशीच रिक्षात जाऊन बसली. त्याची बायको भागीरथा कणकेच्या हातांनी बाहेर आली. "तुम्हाले काय झालं हो सकाळी सकाळी? लोक पोरांनी असं बोलावं म्हणून फिया भरतात, अन् तुम्ही इंग्रजीचे प्राध्यापक होऊन पोरीले रडवता?" ते खुशालचं त्यालाच कळलं नव्हतं.

पायजमा बदलून तो गच्चीवर गेला. तिथंही करमेना. दोरीवरच्या चादरीवर कोळशाची भुकटी बसली होती. चंद्रपुरात धुणं वाळत घालायचं आणि वाळल्यावर पुन्हा झटकायचं, हा रोजचाच उद्योग. त्यानं चादर झटकली, परत घातली, परत झटकली. दूर वीज केंद्राच्या धुरांड्यातून धूर सरळ वर चालला होता. दोन महिने झाले, त्याचं हे असं चाललं होतं. पुस्तक उघडायचं आणि मिटायचं. बाजारात जायचं आणि काय आणायचं ते विसरून झरपट नदीच्या पुलापर्यंत चालत सुटायचं. भागीरथा म्हणायची, पीएचडी झाली, आता डोक्याला काम उरलं नाही, म्हणून हे. तसंही असेल, तो म्हणायचा. पण आत्ता पोरगी बोलून पाठमोरी झाली, तेव्हा त्याला दुसरीच पाठ दिसली होती. हिरव्या लुगड्यातली, जराशी वाकलेली, खुर्च्यांच्या रांगांमधून दाराकडे निघालेली. रुखमाबाईची.

त्याचा सत्कार होता तो. कॉलेजच्या सभागृहात शाल, नारळ, हार, सगळं यथासांग. इंग्रजी शब्दांचे अर्थ काळाच्या ओघात कसे बदलत गेले, यावर त्यानं प्रबंध लिहिला होता. त्यातलं कुणाला काही कळत नव्हतं, पण मासे धरणाऱ्या ढिवराचं पोर इंग्रजीचा डॉक्टर झालं एवढं सगळ्यांना कळत होतं आणि तेवढं पुरेसं होतं. रुखमाबाई पहिल्या रांगेत बसली होती. ती त्याची थोरली बहीण. तो तिला नुसतं 'बाई' म्हणायचा. आई गेली तेव्हा तो रांगत होता. बाई नवरा वारल्यावर माहेरी परत आली आणि तिनंच त्याला वाढवलं. आयुष्यात पहिल्यांदा ती असल्या गाद्यांच्या खुर्चीवर बसली होती, आणि खुर्चीला धक्का लागू नये अशा बेतानं बसली होती. खुशाल बोलायला उभा राहिला. आधी प्राचार्यांचे आभार, मग मार्गदर्शकांचे. मग तो तिच्याकडे वळला. त्याला भरून आलं होतं, खोटं कशाला बोला? तो म्हणाला, ही माझी बाई. मी वसतिगृहात शिकत होतो तेव्हा गावच्या जाळ्यात माझ्या जागी हिनं दोरी धरली. बाईमाणसानं जाळ्याच्या दोरीला हात लावायचा नाही असा गावचा नेम. हिनं गावाशी भांडून हात लावला. पहिल्या वाक्याला ती हसली होती. तो पुढं म्हणाला, मला ताप भरला तेव्हा पुराच्या पाण्यातून मला पाठीवर घेऊन ही चामोर्शीच्या दवाखान्यात गेली. इथं तिचं हसू गेलं. तिनं हात वर करून हलवला. नको, नको. लोकांना वाटलं, लाजली. यालाही तेच वाटलं, आणि तो आणखी रंगात आला. एकेक गोष्ट त्यानं काढली, नाव घेऊन, ठासून, शेवटी म्हणाला, "बाई, मी तुझा आभारी आहे. थँक यू." टाळ्या थांबेनात. टाळ्या वाजत असतानाच ती उठली, खुर्चीखालची चप्पल हातात घेतली आणि चालू लागली.

"गहिवरल्या बिचाऱ्या," भागीरथा त्या वेळी म्हणाली होती. संध्याकाळी तो तिला सोडायला बसस्टँडवर गेला. वाटेत खायला बिस्किटं घे, हे घे, ते घे, तो बडबडत होता. बस लागली तेव्हा ती म्हणाली, "येतो मी. तुमी जा आता घरी. उशीर होऊन राह्यला तुमाले." तुमी? त्यानं हसून म्हटलंही, "अवो बाई, मी खुशाल हाय, कोनी साहेब नाई." ती खिडकीतून दुसरीकडे बघत राहिली. तिच्या तोंडून त्यानं आजवर काय काय ऐकलं होतं! गाढवा, बैला, तुहं तोंड पाह्य आरशात, मरतुकड्या. नोकरी लागल्याची बातमी त्यानं सांगितली तेव्हा ती म्हणाली होती, "पगार भेटला का आधी एक चांगली चड्डी घे बे, फाटकी घालून फिरते." आणि आता तुमी. डॉक्टर झाल्यामुळं मान देत असेल, असं त्यानं मनाला सांगितलं. मन ऐकेना. दोन महिने ते ऐकत नव्हतं.

अकराच्या तासाला तो वर्गात गेला. बी.ए.चा शेवटचा वर्ग, डोक्यावर पंखा नुसताच कुरकुरणारा, खिडकीबाहेर होळी उलटून गेल्यानंतरचं ते पांढरं ऊन. शब्दांचे अर्थ कसे सरकतात, हा धडा. दरवर्षी तो याच शब्दानं सुरुवात करायचा, कारण पोरांना तो रोज तोंडात असतो आणि त्याचं मूळ ऐकलं की पोरं चकित होतात. त्यानं फळ्यावर दोन शब्द शेजारी शेजारी लिहिले. थँक आणि थिंक. "हे दोघं भाऊ," तो म्हणाला, "एकाच घरातले. हजार वर्षांपूर्वी थँक या शब्दाचा अर्थ होता विचार. नुसता विचार. पुढं चांगला विचार. दुसऱ्याविषयी आपण मनात बाळगतो तो. कुणी आपल्यासाठी काही केलं, तर ते आपण मनात धरून ठेवतो, ते धरून ठेवणं म्हणजे थँक. आणि पुष्कळ पुढं ते मनातलं तोंडानं सांगणं आलं. आज तर बसमध्ये कुणी सरकून जागा दिली तरी आपण फेकतो." पोरं हसली. "म्हणजे आधी नुसतं मनात ठेवायचं होतं," तो म्हणाला, "बोलायचं नंतर आलं." हे वाक्य तो दरवर्षी म्हणायचा. या वर्षी ते त्याच्याच कानांवर पडलं. खडू हातात तसाच राहिला. मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, "सर, मग बोललं की मनातलं संपते का?" पोरानं वात्रटपणा म्हणून विचारलं होतं, वर्ग खिदळला, आणि खुशाल फळ्याकडे तोंड करून उभा राहिला. बोललं की मनातलं संपते का? त्याच्या डोळ्यांपुढे तलावाची पाळ आली आणि पाळीवर उभा राहिलेला डोमाकाका.

किती लहान होता तेव्हा! बाईचा पदर धरून उभा होता. गावचा तलाव जुन्या मालगुजाराच्या काळातला, आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी पाणी उतरलं की त्यात गावचं मोठं जाळं पडायचं. जाळं कुणा एकाचं नव्हतं. जितके दोरी ओढणारे हात, तितके वाटे. पळसाच्या पानांवर मासोळीचे ढीग लागायचे, एका हाताला एक. कुणी आजारी पडला, कुणाच्या घरी मयत झाली, तर त्याच्या जागी दुसरा दोरी धरायचा आणि वाटा मात्र न आलेल्याच्याच घरी जायचा. त्याबद्दल कुणी कुणाला चकार शब्द बोलत नसे. बोलायचं काय त्यात? आज तू माझी धरली, उद्या मी तुझी धरीन. ते ध्यानात ठेवायचं असतं. बोलायची वेळ एकदाच यायची. गावचं जाळं कायमचं सोडून जाताना. डोमाकाकाचं भावांशी बिनसलं, आणि तो राजुऱ्याकडे खदानीत कामाला निघाला. जाण्याआधी तो पाळीवर उभा राहिला, सारे हात खाली पाण्याच्या कडेला. "मनसारामभाऊ," डोमाकाका मोठ्यानं म्हणाला, "माहं घर जळलं तवा तुनं बांबू देल्ले. मी इसरलो नाई. गिरजाबाई, माही बायको बाळंतपनात होती तवा तुनं माह्या लेकरायले जेवू घातलं. मी इसरलो नाई." एकेकाचं नाव घेतलं, एकेकाचं केलेलं सांगितलं. मग तो पाण्याशी उतरला, त्यानं हात धुतले, आणि गेला. "बोलून मोकळा झाला," बाई म्हणाली होती, आणि डोळ्याला पदर लावला होता. पुढं डोमाकाका कुणाच्या लग्नाला गावात आला, तेव्हा त्याच्या सख्ख्या भावानं त्याला खाटेवर चादर अंथरून बसवलं, पाव्हण्यासारखं. राग नव्हता कुणाचा. त्याला आता कुणाचं काही लागत नव्हतं आणि कुणाला त्याचं.

आणि हा गाढव, हा इंग्रजीचा डॉक्टर, माईकपुढे उभा राहून काय करून बसला? "मी इसरलो नाई" एवढंच म्हणायचं ठेवलं होतं त्यानं. बाकी सारं रीतीप्रमाणं. बाईनं हात हलवून नको नको म्हटलं, तरी याची गाडी थांबली नाही. शहरात आभारप्रदर्शन म्हणजे कार्यक्रमाचा शेपटाकडचा भाग, लोक चपला शोधत असताना उरकायचा. ते झालं की माणसं खुर्च्या उचलायला लागतात. इतक्या वर्षांत असली आभारप्रदर्शनं ऐकून ऐकून पाळीवरचा डोमाकाका त्याच्या डोक्यातून पार पुसला गेला होता. त्याला घाम फुटला. "सर, बरं वाटत नाही का?" पहिल्या बाकावरच्या मुलीनं विचारलं. त्यानं खडू ठेवला आणि वर्ग सोडून दिला.

स्टाफरूममध्ये बसवेना. तो चालत सुटला. जटपुरा दरवाजातून बाहेर, उन्हातून, डोक्याला रुमाल न बांधता. मनात दुसरंच एक टोचत होतं आणि ते काय ते त्याला आत्ता कळलं. गाठोडं आलं नव्हतं. दरवर्षी होळीनंतर, चामोर्शीच्या बसचा ड्रायव्हर ओळखीच्या पानठेल्यावर एक गाठोडं ठेवून जायचा. जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधलेली सुकी मासोळी. भागीरथा नाकाला पदर लावून ती डब्यात भरायची आणि म्हणायची, सांगा हो तुमच्या बाईले, शेजारीपाजारी वास जाते. बाईची माया, म्हणून तो ते दरवर्षी घेत आला होता, जराशा लाजेनंच. पण माया कशाची? तो वाटा होता. त्याचा वाटा. म्हणजे इतकी वर्षं, तो चंद्रपुरात पगार घेत असताना, पंख्याखाली बसून शब्दांची मुळं खणत असताना, तिकडे त्याच्या हाताचा ढीग लागत होता आणि त्याची दोरी कुणीतरी धरत होतं. कोण धरणार? तो पानठेल्याशी पोहोचला. "चामोर्शीकडून काही आलं का रे?" पानवाल्यानं चुना लावता लावता मान हलवली. "यंदा काही नाही सर. पाणी नसेल यंदा." पाणी होतं. पाऊस मागच्या साली चांगला झाला होता.

त्यानं घरी निरोप ठेवला आणि दुपारची बस धरली. मूल आणि सावली ही गावं मागं पडली. रस्त्याच्या दोन्ही अंगांना रान, मोहाच्या झाडांखाली टोपल्या घेऊन वाकलेल्या बाया, बसमध्ये मोहाचा तो गोड जड वास. खिडकीशी बसून त्याच्या डोक्यात शब्दांचा धुमाकूळ चालला होता. खोडच ती, जीव जायची वेळ आली तरी हा माणूस शब्दच चिवडत बसेल. थँक्यू हा शब्द त्यानं पहिल्यांदा ऐकला तो तलावाच्या काठीच. कुणी जंगलखात्याचा साहेब जीपमधून आला होता. बाबानं धरलेली सगळ्यांत मोठी मरळ त्यानं उचलली, जीपमध्ये टाकली, म्हणाला, "थँक्यू," आणि गेला. साहेब काय म्हणाला, यावर संध्याकाळभर गावात खल झाला. कुणी म्हणे शिवी दिली, कुणी म्हणे आशीर्वाद. शेवटी बाबा म्हणाला, "कायचा आशीर्वाद? मरळ नेली, बोलून मोकळा झाला." हे त्याला शब्दकोश उघडण्याआधी कितीतरी वर्षं ठाऊक होतं. मग मराठीतलं आभार काय कमी आहे? त्यात भार उघड बसलेला आहे. मानला की उतरला. बाईचा भार त्याला उतरवायचा होता का? सभागृहात ती पहिल्या रांगेत अवघडून बसली होती, लुगड्याला धुराचा वास, हात काळे. तेव्हा मनाच्या तळाशी कुठं असं होतं का, की आता एकदाचं चारचौघांत बोलून टाकावं आणि सुटावं? नाही, नाही. तो चरकला. शेजारच्या म्हाताऱ्यानं विचारलं, "काय झालं भाऊ?" "काही नाही," तो म्हणाला, आणि वैनगंगेचा पूल येईपर्यंत बाहेर बघत राहिला.

बाई अंगणात मोहफुलं वाळत घालत होती. त्याला बघून ती उभी राहिली, पदर सारखा केला. "या," ती म्हणाली. शेजाऱ्याकडून लोखंडी खुर्ची आणली, पदरानं पुसली. "बसा ना. चा पेता का?" चहा कपबशीत आला. ही कपबशी ग्रामसेवक आला तर निघायची. बशीत दोन बिस्किटं होती. खुशालनं कपबशी खाली ठेवली. "बाई," तो म्हणाला, "माहं चुकलं." ती खाली बसून फुलं निवडत राहिली. "कायचं चुकलं? चांगलं बोलले तुमी. लोकायनं टाळ्या वाजवल्या." "बाई, तू मले शिव्या दे, चप्पल मार, पण तुमी नको म्हनू." तिचा हात थांबला. क्षणभर वाटलं, आता मारते. पण ती म्हणाली, "पोरगी कशी हाय तुमची? शिकते चांगली?" तिच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं. तो उठला, बसला, पुन्हा उठला, आणि मनसारामभाऊच्या घराकडे निघाला.

मनसारामभाऊ आता जख्ख म्हातारा झाला होता, पण जीभ धारदार होती. ओट्यावर जाळं पसरून तो भोकं शिवत होता. उद्या सकाळी जाळं पडायचं होतं. "आला का डाक्टर?" तो म्हणाला. "कोनाले सुई टोचाले आला?" खुशाल त्याच्या पायाशी जमिनीवरच बसला. "भाऊ, माह्या जागी कोन होतं इतकी वर्सं?" म्हाताऱ्यानं दातांनी सूत तोडलं. "कोन असन? तेच ना, रुखमा. आपला हात अन् तुहा हात, दोन दोऱ्या ओढे. कमरेचा काटा मोडला बाईचा. आमी म्हनलं, सोड वं आता, तो का येते का वापस चिखलात? तं म्हने, येईन नाई तं नको येऊ, हात हाय त्याचा." त्यानं सुई पुन्हा ओवली. "मंग तू तिथी सभेत बोलून मोकळा झाला. ती आली, पाह्य बाप्पा, तीन रोज घराच्या बाहेर नाई निंगाली. मंग पाळीवर येऊन म्हने, त्याचा वाटा लावू नका. जाळं पह्यल्यांदा पडलं यंदाचं, तं तुही दोरी तशीच लोंबत होती." खुशालला रडू आलं आणि त्यानं ते लपवलं नाही. "मी तसं म्हून नाई बोललो, भाऊ. इसरलो होतो मी." "मालूम हाय. तिले बी मालूम हाय. पन बोललं ते बोललं, पान्यात पडलं." "वापस याचं असन तं काय करा लागते?" म्हाताऱ्यानं जाळ्याचं पुढचं भोक ओढून घेतलं. "मले का मालूम? आजवरी कोनी वापस आलाच नाई. डोमा गेला, तो तिकडच मेला."

त्या रात्री बाईनं त्याला खाट दिली, ट्रंकेतली कोरी चादर अंथरली आणि आपण दाराशी फाटकी सतरंजी टाकून पडली. लहानपणी एकाच गोधडीत ती त्याला लाथ मारून म्हणायची, सरक बे तिकडे. चादरीला डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता. परत जावं, असंही एकदा त्याला वाटलं. सकाळची बस धरावी, घरी जावं, चंदाला काय हवं ते म्हणू द्यावं. कुणाचं काय अडलं होतं? त्याचं पोट काही तलावावर नव्हतं. पण मग त्याच्या लक्षात आलं की या जगात तो कुठला आहे असं कुणी विचारलं, तर सांगायला एक लोंबती दोरीच काय ती उरली होती.

उजाडताच सारे तलावावर जमले. धुकं पाण्याला टेकलेलं, पलीकडच्या काठी बगळे. खुशालनं चपला पाळीवर काढल्या, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि कुणाला काही न विचारता जाऊन मोकळी दोरी धरली. हात एकमेकांकडे बघू लागले. पलीकडच्या टोकाला बाई होती, कासोटा मारलेली, एकच दोरी हातात. तिनं त्याच्याकडे पाहिलं नाही. ती मनसारामभाऊला म्हणाली, "पाव्हन्याले सांगा, पँट भिजन म्हना." म्हाताऱ्यानं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. "हां, चला रे!" तो ओरडला. पाणी गार. पायाखाली गाळ, बोटांच्या मधून वर येणारा, आणि त्या गाळाची पायांना लगेच ओळख पटली. दोरी ओढायची कशी हे हातांना मात्र आठवेना. तळवे सोलून निघाले. मासोळी जाळ्यात उसळायला लागली, ऐन वेळी त्याचा पाय घसरला, तो गाळात बसला, जाळ्याचा तळ त्याच्या बाजूनं उचलला गेला आणि तिथून चांदीसारखी मासोळी सळसळत निसटली. सगळीकडून शिव्यांचा पाऊस पडला. "कोन हाय बे तो? डोळे फुटले का?" "डाक्टर होय, डाक्टर!" कुणीतरी हसलं. खुशाल चिखलातून उठला आणि दोरी पुन्हा घट्ट धरली. शिव्या ऐकून त्याला लाज वाटायला हवी होती. उलट बरं वाटत होतं. बाई तेवढी गप्प होती.

वाटे रुखमाच लावायची. तिच्या हाताला पारडं नको, असं गाव म्हणायचं. तिनं पळसाची पानं पाळीखाली ओळीनं मांडली, आणि मासोळी उचलून टाकू लागली. इकडे एक मरळ, तिकडे मूठभर झिंगे, पुन्हा मागे येऊन एखादी बारीक मासोळी सारखी करणं. खुशाल जरा लांब, पाठ करून उभा राहिला. पानांकडे बघायचं नाही, असं त्यानं ठरवलं होतं. माझा आहे का, असं विचारलं तर तिथंच सगळं संपलं; आपला वाटा कुणी विचारत नसतो. सोललेल्या तळव्यांना वारा झोंबत होता. मागे एकेक जण येऊन आपलं पान उचलत होता, टोपल्यांचे आवाज होत होते, कुणी विडी पेटवली, कुणी उद्याच्या बाजाराचं बोलत होतं. आवाज कमी कमी होत गेले. शेवटी त्याला राहवेना. त्यानं मान वळवली. एक पान राहिलं होतं. सगळ्यांत लहान ढीग, वर शेपूट तुटलेली एक मरळ. नवख्याचा वाटा असाच असायचा. की देवीचा होता? की आजारी असलेल्या कुणाचा? सगळे हात निघून गेले होते. मनसारामभाऊ जाळं झटकत होता आणि झाडाकडे बघत होता, जणू झाडावर काहीतरी फार महत्त्वाचं चाललं होतं. बाईनं आपलं टोपलं डोक्यावर चढवलं, चुंबळ सारखी केली आणि पाळ चढायला लागली. एक कावळा पानाजवळ उतरला, दोन पावलं आत आला. खुशाल हलला नाही. त्याचे पाय गाळातच राहिल्यासारखे झाले होते.

अर्ध्या पाळीवर ती थांबली. वळली नाही.

"उचल ना बे, बैला. का कावळ्यायले ठेवतं?"

तो धावला. पिशवी नव्हती, काही नव्हतं. त्यानं पान तसंच दोन्ही हातांत उचललं, पाणी मनगटांवरून कोपरापर्यंत ओघळलं, मिठासारखं जखमांना झोंबलं. धापा टाकत तो पाळ चढला आणि तिच्या मागे चालू लागला. कमरेत वाकलेली पाठ पुढं चालली होती, हिरव्या लुगड्याचा काठ चिखलानं माखलेला. त्याच्या छातीत काहीतरी इतकं वर आलं की ते आता बाहेरच पडणार होतं. त्यानं श्वास घेतला, तोंड उघडलं.

"तोंड मिट," बाई मागे न बघता म्हणाली. "माशी जाईन."

त्यानं तोंड मिटलं.